‘सतर्क राहावे’ : एका वाक्याचे वाचन

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात एक वाक्य हमखास परत येते. हतनूर धरणाचे अमुक इतके दरवाजे उघडण्यात आले असून तापीपात्रात अमुक इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू आहे. तरी ‘नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी सतर्क राहावे’. अक्कलपाड्याचे पाणी पांझरेत सुटले की हेच वाक्य धुळ्यात, गिरणा धरण भरले की हेच भडगाव-पाचोऱ्यात. धरणाचे नाव बदलते, आकडा बदलतो, क्रियापद तेवढे बदलत नाही.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक. एखाद्या कवितेतील एका विशेषणावर तासभर बोलण्याची आम्हांस सवय आहे. त्याच सवयीने हे वाक्य वाचावे, एवढाच या लेखाचा प्रारंभिक हेतू. वाक्याचा कर्ता कोण? ‘नागरिक’, म्हणजे कोणीही आणि म्हणून कोणीच नाही. बोलणारा कोण? वाक्यात तो नाहीच. कर्मणी प्रयोगामागे तो दडलेला आहे, दरवाजे ‘उघडण्यात आले’ आहेत. आणि क्रिया कोणती? ‘सतर्क राहणे’ ही हातापायांची क्रिया नव्हे, ती मनाची अवस्था आहे. गोठ्यातल्या म्हशींचे दावे सोडायचे की नाही, विहिरीवरची मोटर काढून आणायची की नाही, म्हातारीला रात्रीच वरच्या आळीत हलवायचे की सकाळपर्यंत थांबायचे, यांपैकी एकाही प्रश्नाला हे वाक्य स्पर्श करीत नाही. ते सर्वांना सर्व काही सांगितल्याचे समाधान देते आणि पुढे काही घडलेच तर कागदावर साक्ष म्हणून उभे राहते. आमच्या मते त्याचा खरा वाचक नदीकाठी नसतो. तो चौकशी अहवाल लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी असतो.

हा दोष केवळ शैलीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. शासकीय मराठीची टिंगल हा आपल्याकडे जुना आणि आता काहीसा स्वस्त झालेला विनोद आहे. परंतु खानदेशात या वाक्यापुढे दुसरा एक प्रश्न उभा राहतो. ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी पुष्कळांची घरातली भाषा ही मराठीच नाही. किंवा तिला मराठी म्हणावे की नाही याबद्दल आमच्याच शास्त्रात वाद आहे.

ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात केली नाही, तर १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांच्या शेजारी केली. पुढे अनेक मराठी अभ्यासकांनी तिला मराठीची बोली मानले. वाद सुटलेला नाही आणि येथे तो सोडविण्याचा आमचा विचारही नाही. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या शीर्षकाखाली साडेअठरा लाखांहून थोडे अधिक भाषक नोंदले गेले. २००१ मध्ये ती संख्या पावणेएकवीस लाखांच्या घरात होती. हे आकडे घरी अहिराणी बोलून मोजणीदाराला ‘मराठी’ सांगणाऱ्यांना वगळून आहेत, हे खानदेशात राहणाऱ्या कोणासही सांगावे लागणार नाही. शिवाय अहिराणी म्हणजे सगळा खानदेश नव्हे. यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-शिरपूरकडे पावरी आणि भिली आहेत, तडवी आहे, गुजरी आहे. एका धरणाच्या पाण्याच्या वाटेवर इतक्या भाषा, आणि वाक्य एकच.

यावर तत्काळ येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: ‘मराठी सगळ्यांनाच समजते.’ समजते, हे खरे. शाळा मराठीत झाली, सात-बारा मराठीत आहे, दूरचित्रवाणी मराठीत-हिंदीत आहे. पण समजणे आणि त्यावर उठून चालू लागणे यांत अंतर आहे. दुसऱ्या भाषेतील वाक्य माणूस आधी ऐकतो, मग मनात उलटवतो, मग ते आपल्याला उद्देशून आहे की तालुक्याच्या ठिकाणच्या लोकांना, हे ठरवतो. दिवसा उजेडी या तीन पायऱ्यांचा काही तोटा नाही. रात्री दोन वाजता पाणी उंबऱ्याशी आलेले असताना तो आहे. आपत्तीच्या क्षणी माणूस मातृभाषेत ओरडतो, असे सर्वजण म्हणतात. मग त्याला उद्देशून ओरडणारी व्यवस्था कोणत्या भाषेत ओरडते, हे विचारणे अप्रस्तुत कसे ठरेल?

प्रश्न शब्दांपाशी नेऊ. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ असे शब्द येतात. सामान्य वाचकाला ही सैल बोलण्याची तऱ्हा वाटते. वस्तुतः त्या काटेकोर संज्ञा आहेत. एखाद्या विभागातील पाव भागापर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, त्यापुढे अर्ध्यापर्यंत ‘काही’, अशी त्यांची उतरंड आहे. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ यातील ‘तुरळक’ हे क्षेत्राचे विशेषण आहे, पावसाच्या जोराचे नाही. परंतु मराठी कानाला ‘तुरळक’ म्हणजे थोडेसे, नगण्य. ज्याच्या शिवारावर तो तुरळक पाऊस कोसळतो त्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के असतो. पावसाचेही तसेच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. तीन श्रेणी आणि त्यांना वेगळे करणारी दोन क्रियाविशेषणे, ‘अति’ आणि ‘अत्यंत’. या दोहोंतला फरक मराठीच्या प्राध्यापकासही चटकन सांगता येणार नाही, मग उकिरड्यापाशी उभे राहून रेडिओ ऐकणाऱ्याचे काय? त्यावर रंगांची योजना आली, पिवळा, नारिंगी, लाल. ती अधिक सुटसुटीत आहे हे मान्य केले पाहिजे. पण ‘ऑरेंज अलर्ट’ हा शब्द खेड्यात पोहोचतो तो सुट्टी जाहीर होण्याच्या बातमीचे दुसरे नाव म्हणून.

क्युसेकचे कोडे याहून अवघड. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी. हे गणित सांगून कोणाचेही काही भले होत नाही, कारण नदीकाठचा माणूस पाणी लिटरमध्ये मोजत नाही. तो घाटाच्या पायरीत मोजतो, महादेवाच्या नंदीत मोजतो, अमक्याच्या भिंतीवर राहिलेल्या गाळाच्या रेषेत मोजतो. ‘पाणी नंदीच्या गुडघ्याला लागले की खालची आळी सोडायची’ हे ज्ञान अनेक गावांत जुन्या माणसांपाशी आहे. ते स्थानिक आहे, अचूक आहे आणि त्याचे रूपांतर क्युसेकमध्ये करणे अशक्य नाही. पाटबंधारे खात्यातील अभियंता आणि गावातील दोन म्हातारे एकत्र बसले तर एका दुपारचे काम आहे. हतनूरचे ४१ दरवाजे ही बातमी त्या दुपारनंतर प्रत्येक गावासाठी वेगळी होईल: तुमच्याकडे अमुक तासांनी, अमुक पायरीपर्यंत. आम्हांस आश्चर्य वाटते ते याचे, की पायरीची भाषा कोणी ‘अशास्त्रीय’ म्हणून नाकारली नाही. ती कोणी विचारलीच नाही.

आता अहिराणीत काय आहे ते पाहू, अर्थात थोडक्यात, कारण हा शब्दसंग्रहाचा लेख नव्हे. वादळी वाऱ्याला ‘वावधन’ आहे. विजेला ‘ईज’ आहे. आभाळ ‘आभाय’ होते. पाऊस आणि पाणी या दोहोंना बहुधा ‘पानी’ हा एकच शब्द पुरतो. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. ‘पानी येणार’ असे कोणी दवंडीत म्हटले तर ते आभाळातून की नदीतून, हे संदर्भावरच ठरते. आकाश कोरडे असताना मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाने तापी-पूर्णा फुगतात, ही खानदेशातील पुराची नेहमीची रीत. आणि नेमका तेथेच शब्द दुहेरी होतो. म्हणजे केवळ प्रमाण मराठी वाक्य उचलून अहिराणीत ओतले की काम झाले, असे नाही. वाईट वाक्याचे भाषांतर केले तर दुसऱ्या भाषेतले वाईट वाक्य मिळते. ‘सतर्क राहावे’ याला अहिराणी प्रतिशब्द शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. ‘नदीले पानी वाढी ऱ्हायनं, ढोरे सोडी द्या’ हे वाक्य भाषांतर नाही. ते नव्याने, त्या जागी उभे राहून केलेले आहे, आणि त्यात नदी आहे, ढोरे आहेत, करायची क्रिया आहे.

वीज हा विषय येथे थोडा सविस्तर घ्यावासा वाटतो. वारकरी परंपरेनुसार शके १२१९ मध्ये, वैशाख वद्य पक्षात, तापीतीरी मेहूण येथे विजेचा कडकडाट झाला आणि मुक्ताबाई अंतर्धान पावली. जळगाव जिल्ह्यातला हा परिसर; आज तालुकाच तिच्या नावाने ओळखला जातो. या कथेचा आध्यात्मिक अर्थ आम्ही वर्गात शिकवतो आणि शिकवावाच. पण तिच्या तिथीकडे एकदा हवामानाच्या दृष्टीने पाहावे. वैशाख वद्य म्हणजे मेचा उत्तरार्ध किंवा त्याच्या आसपासचे दिवस, म्हणजे मान्सूनपूर्व वादळांचा आणि विजांचा ऐन काळ. परंपरेने स्त्री-संताच्या निर्याणासाठी निवडलेली जागा आणि वेळ, नदीकाठचे उघडे पात्र आणि वैशाखातली दुपार, ही आजही खानदेशात वीज पडण्याची जागा आणि वेळ आहे. लोकस्मृतीने ते नोंदवून ठेवले. त्यातून सूचना काढण्याचे काम मात्र कोणी केले नाही. (भाविकांनी रागावू नये. संतचरित्राची हवामान-टिपणे करावीत असा आमचा आग्रह नाही.)

देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८०० हून अधिक माणसे मेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. ही माणसे बहुतांशी शेतातली. खानदेशात म्हणजे केळीच्या बागेत राखणीला राहिलेला सालदार, ज्वारी-कपाशीच्या रानातली निंदणारीण, शेळ्यांमागचे पोर. विजेपासून बचावाचे नियम अवघड नाहीत. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपर्यंतही अंक मोजून होत नसतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबू नये. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप केलेले आहे. परंतु सालदाराला पावसात निंबाखाली उभे राहायला त्याच्या बापाने शिकवलेले असते, आणि बापाचे शिकवणे त्याच्या भाषेत असते. ॲप ज्या भाषेत त्याच्याशी बोलते ती तलाठ्याची आणि मास्तरांची. बापाच्या वाक्याला हरवायचे तर तेवढ्याच जवळचे वाक्य पाहिजे. पावरा कुटुंबे सातपुड्यातून खाली उतरून केळीत कामाला राहतात. त्यांच्या मुलांपर्यंत कोणते वाक्य पोहोचते हा प्रश्न आम्ही स्वतःलाही कधी विचारलेला दिसत नाही.

केळी आणि वारा यांचे नाते तर प्रत्येकाच्या ओळखीचे. मे-जूनमधला तासाभराचा वारा रावेर-यावलमधल्या उभ्या बागा आडव्या करतो. केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, ती घडाच्या भारासकट मोडते. शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण, बांबूचे टेकू, हे उपाय शेतकऱ्याला माहीत आहेत. येथे भाषेचा प्रश्न वारा थांबल्यानंतर सुरू होतो. फळपीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. पंचनामा हा आमच्या मते मराठीतील सर्वांत जास्त लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी अभ्यासलेला गद्यप्रकार आहे. ‘वावधन उठलं आणि बाग झोपली’ हे सांगणाऱ्याचे वाक्य. ‘वादळी वाऱ्यामुळे अंशतः नुकसान झाल्याचे दिसून आले’ हे लिहिणाऱ्याचे. या दोन वाक्यांच्या मध्ये ‘अंशतः’ हा एक शब्द शिरला आणि त्याच्याबरोबर काही हजार रुपये गेले. बोलीतून प्रमाणभाषेत होणाऱ्या भाषांतराची किंमत रुपयांत मोजता येणारी ही जागा आहे, आणि भाषांतर-अभ्यासाच्या आमच्या पुस्तकांत ती नाही.

३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ च्या दरम्यानच्या रात्री चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांना अचानक पूर आला. वर कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, खाली गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत पाणी शिरले, जनावरे मोठ्या संख्येने वाहून गेली. धरणाचा विसर्ग नव्हे, डोंगरावर कोसळलेला पाऊस. म्हणजे इशाऱ्याला मिळणारा वेळ तासांत नव्हे, घटकांत. अशा पुरात जिल्हा मुख्यालयातून निघालेले निवेदन नेहमीच उशिरा पोहोचणार, त्यात कोणाचा दोषही नसेल. अशा वेळी खरा इशारा वरच्या वस्तीने खालच्या वस्तीला द्यायचा असतो, आणि तो ज्या भाषेत दिला जाईल तीच त्या रात्रीची राजभाषा.

याआधीचे एक उदाहरण जुने आहे. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा यांना मोठा पूर येऊन धुळ्यात शेकडो घरे पडली. आपल्याला हे कळते ते १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधून. म्हणजे त्या रात्रीची स्मृती इंग्रजीत उरली आणि महसुलाच्या हिशेबासह उरली. धुळे हे राजवाड्यांचे गाव. जुन्या कागदांची राखण कशी करावी हे महाराष्ट्राने ज्यांच्याकडून शिकावे अशी माणसे येथे होऊन गेली. पण कागद तोच राखला जातो जो आधी लिहिला गेला. अहिराणीत त्या पुराविषयी बोलले गेले असेलच, लिहिले कोणी?

येथे दूरच्या एका मुलखाची आठवण अस्थानी होणार नाही. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर प्रचंड वादळ आले. आयरिश भाषेत त्या रात्रीला ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ असे नाव पडले. सत्तर वर्षांनी, १९०९ मध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा अनेकांपाशी जन्माचा दाखला नव्हता. ‘मोठा वारा मला आठवतो’ एवढे सांगणे वयाचा पुरावा म्हणून चालू लागले. आपल्याकडे ‘बहात्तरच्या दुष्काळात पाळण्यात होतो’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिकडे सरकारने ती आठवण कागदपत्र म्हणून स्वीकारली. त्याच देशात २४ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा एक वादळ आले आणि वाऱ्याच्या वेगाचा तेथील आजवरचा विक्रम, ताशी १८० किलोमीटरहून अधिक, पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक कोनेमारा भागात नोंदला गेला. सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. त्या भागासाठी १९७२ पासून आयरिश भाषेतील स्वतंत्र नभोवाणी आहे. तेथे सर्व काही आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. आयरिश बोलणारा जवळजवळ प्रत्येकजण इंग्रजी उत्तम जाणतो. म्हणजे ‘सगळ्यांना समजते’ हा आक्षेप तेथे आपल्यापेक्षा कितीतरी बळकट आहे, आणि तरीही तेथील समाजाने भाषेची व्यवस्था वेगळी ठेवली. आपल्याकडे जळगाव आणि धुळे येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. इशाऱ्याच्या वेळी त्यांनी त्या-त्या पट्ट्याच्या बोलीत दोन वाक्ये बोलावीत, यासाठी नवा कायदा लागणार नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३० नुसार पूर्वसूचना लोकांपर्यंत पोहोचविण्याची यंत्रणा उभारणे आणि लोकांचे प्रशिक्षण, ही जिल्हा प्राधिकरणाचीच कामे आहेत. भाषेविषयी कायद्याने मनाई केलेली नाही.

आता आमच्याच बाजूचा कच्चा दुवा सांगितला पाहिजे. अहिराणीत इशारा दिला तर लोक हसतील. हा आक्षेप आम्ही शहरी माणसाकडून नव्हे, अहिराणी बोलणाऱ्यांकडूनच ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. गेल्या काही वर्षांत अहिराणी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरभरून आली. ती लग्नातल्या गाण्यांत आली, विनोदी चित्रफितींत आली. ही तिची लोकप्रियता आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. पण एका भाषेला फक्त हसण्या-नाचण्याची जागा मिळाली की तिच्यातले गंभीर वाक्यसुद्धा विनोदाची सुरुवात वाटू लागते. ध्वनिक्षेपकावरून अहिराणी आली की लोक पुढच्या चिमट्याची वाट पाहणार. यावर उपाय ती ध्वनिक्षेपकावर न आणणे हा नव्हे. न हसता बोलणारी अहिराणी लोकांच्या कानांवर वारंवार पडणे हा आहे, पाऊस नसतानाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली तेव्हा लेवा गणबोलीच्या बाबतीत नेमके हेच घडले: जी बोली नाटकातल्या गड्याच्या तोंडी शोभते असे समजले जाई, ती जन्ममरणाविषयी बोलू शकते हे मराठी वाचकाला कळले. ही कवयित्री स्वतः निरक्षर होती; पेरणी, पाऊस, वारा, नांगर यांविषयीचे तिचे ज्ञान ऐकून कोणी लिहून घेतले म्हणून ते आज आपल्यापाशी आहे. खानदेशच्या विद्यापीठाला २०१८ पासून तिचे नाव आहे. नाव दिले, हे चांगलेच झाले. ऐकून लिहून घेण्याचे काम मात्र पुढे चालू आहे काय?

दुसरा आक्षेप ‘कोणती अहिराणी?’ हा. बागलाणची वेगळी, धुळ्याची वेगळी, जळगावकडची वेगळी. विद्वानांच्या सभेत हा आक्षेप निर्णायक ठरतो. दवंडीत तो निकालात निघतो, कारण दवंडी देणारा कोतवाल त्याच गावचा असतो. एक प्रमाण अहिराणी घडवून तिच्यात इशारे छापावेत असे कोणी सुचवीत असेल तर आम्ही विरोधच करू. ती दुसरी शासकीय भाषा होईल आणि तिच्यातही ‘सतर्क राहावे’ला जागा सापडेल. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातील असंख्य मोबाइल एकाच वेळी वाजून चाचणीचा संदेश इंग्रजीत आणि मराठीत आला होता. ते तंत्र उपयोगी आहे, ते मराठीतच राहो. त्याच्या पुढचे दोनशे पावलांचे अंतर माणसाच्या आवाजाने कापायचे आहे. कोतवाल, पोलीस पाटील, आशाताई, देवळातला आणि मशिदीतला ध्वनिक्षेपक, एवढी यंत्रणा प्रत्येक गावात आहेच. नाही ते, त्या वेळी म्हणायचे आधी ठरवलेले, दोनदा म्हणून पाहिलेले वाक्य.

आणि एक विनंती, आमच्या कविमित्रांना: कृपा करून पूर-जनजागृतीपर गीते लिहू नयेत. शासकीय योजनांनी भारूड आणि पोवाडा यांचे काय केले ते आपण पाहिले आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. ऐन पावसाळ्यात गावातली बायामाणसे, लेकरे, माहेरी आलेल्या मुली, सगळे नदीच्या पात्रात. कानबाईच्या गाण्यांत आपत्तीच्या सूचना घुसडाव्यात, अशी कल्पना एखाद्या कार्यशाळेत निघाल्याशिवाय राहणार नाही. ती तेथेच हाणून पाडावी. गाणे गाणे राहू द्यावे. त्या दिवशी वरच्या धरणावरून निरोप कोणाच्या फोनवर यायचा आणि त्या माणसाने गर्दीला काय म्हणायचे, हे आदल्या संध्याकाळी ठरवावे. देवीला नदीवर नेणारा समूह वाट, उतार आणि मागे राहिलेली माणसे यांची मोजदाद एरवीही करीत असतोच. सरावाचा वेगळा दिवस लावायची गरज नाही.

आमच्या विभागांनी काय करावे, याविषयी लांब यादी देण्याचा मोह आम्ही आवरतो. पदव्युत्तर वर्गाला बोलीविज्ञानाचे प्रकल्प असतात. दरवर्षी म्हणी गोळा होतात, ओव्या गोळा होतात, त्याच त्या, आणि कपाटात जातात. एक वर्ष विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात जाऊन चारच गोष्टी विचारून आणाव्यात: पाणी मोजायची गावाची खूण कोणती, आजवरची सर्वांत वरची रेषा कोणती आणि ती कोणाच्या आठवणीतली, वाऱ्याला-विजेला-पुराला काय काय म्हणतात, आणि रात्री उठवायचे झाले तर कोणाच्या आवाजावर लोक उठतील. हे सर्व जसेच्या तसे, सांगणाऱ्याच्या बोलीत लिहावे, प्रमाण मराठीत ‘सुधारून’ नव्हे. त्यातली एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी आणि एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने होणाऱ्या चर्चासत्रांपैकी एखाद्याचा भोजनखर्च एवढ्या कामाला पुरेल.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सरपंच नसेल, पोलीस पाटीलही नसेल. ती एखादी म्हातारी असेल, जिचा आवाज तीन आळ्यांत ऐकू जातो आणि जिला कोणत्याही आराखड्यात नाव नाही. विद्यार्थ्याने तिला वाक्य द्यायला जाऊ नये. पाणी आले तर ती काय ओरडेल हे विचारावे, आणि ते लिहून घ्यावे.